पायोरच्या धावा

प्रिय पोरी,

रात्री तुझा मेसेज वाचला. ‘ताई, मला आता बॅकला खेळव, फॉरवर्ड नको.’ मोकळा गोल समोर होता आणि बॉल बाहेर गेला, तोही फायनलच्या शेवटच्या पाच मिनिटांत. मी टचलाइनवरच उभी होते, मला सगळं दिसलंय. बॅकला, म्हणजे बचावाला खेळवायला माझी ना नाही. पण आधी एका फुटबॉल खेळणाऱ्या मुलीबद्दल सांगते, मग काय ते ठरव.

चाकणच्या फॅक्टरीतून मला कंपनीने २०१७ साली जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला पाठवलं, हे तुला माहीत आहे. तिथे सगळं कारखान्याभोवती फिरतं. कालव्याच्या काठाला वीजघराची चार उंच धुरांडी, त्यांच्या पलीकडे पुरुषांचं मोठं स्टेडियम आणि त्याला खेटून एक छोटं, एओके स्टेडियम. माणसं बसतात जेमतेम पाच हजार. तिथे बायकांची टीम खेळते. पहिल्या थंडीत, करायला दुसरं काही नाही म्हणून मी तिकडे जायला लागले. त्यांच्या फॉरवर्डला मी ‘पजोर’ म्हणायचे. ऑफिसातल्या पोलिश सहकाऱ्याने तीनदा दुरुस्त केलं : पायोर. एवा पायोर. चौथ्यांदा मात्र तो फक्त हसला.

पायोर शेतकऱ्याच्या घरातली. पोलंडमधल्या उनियेयुफ नावाच्या गावाशेजारी त्यांची शेती. सुरुवातीला पोरांबरोबर खेळली, मग कोनिनच्या मेदिक क्लबात गेली आणि पंधराव्या वर्षी देशाच्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये उतरली. २०१३ साली पोलंडच्या सतरा वर्षांखालच्या मुलींनी युरोपचं विजेतेपद मिळवलं. फायनलमध्ये स्वीडनला १-० ने हरवलं. तो एकमेव गोल एवेलिना कामचिकचा. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू मात्र पायोर ठरली. हे का, याचा विचार कर. उत्तर मला रविवारी सांग.

अठराव्या वर्षी ती वोल्फ्सबुर्गला आली. सुरुवातीला बरेचसे सामने बेंचवरच. त्या टीममध्ये आलेक्झांड्रा पोप होती, नंतर पेर्निल हार्डर आली; जागा मिळवायची तर कुणाची मिळवणार? मी बघायला लागले तोवर ती खेळू लागली होती. मला नवल तिच्या गोलांचं वाटलं नाही. मी एकदा तिकिटाच्या मागे रेघा मारल्या : बॅकच्या पाठीमागे तिने धाव घेतली की एक रेघ, बॉल मिळाला की रेघेवर फुली. हाफटाइमपर्यंत तिकीट भरलं. फुल्या एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळ्या धावा वाया. बॉल आला नाही की ती हात वर करत नव्हती, कुणावर ओरडत नव्हती. चालत ऑफसाइडच्या रेषेच्या, म्हणजे समोरच्यांच्या शेवटच्या बॅकच्या अलीकडे यायची आणि पुन्हा निघायची. तू तीनदा पळतेस, बॉल आला नाही की चौथ्यांदा कंबरेवर हात ठेवतेस. राग मानू नकोस, व्हिडिओ आहे माझ्याकडे.

२०१८-१९ च्या हंगामात त्याच धावांतून बुंडेसलीगाचे, म्हणजे जर्मनीच्या लीगचे २४ गोल निघाले, लीगमध्ये सगळ्यात जास्त. मधे गुडघ्याच्या दुखण्याने महिनोन्‌महिने मैदानाबाहेर गेले. परत आली, आणि २०२३-२४ ला १८ गोल करून पुन्हा पहिली.

आता तुझ्या दुखण्याकडे येते. चॅम्पियन्स लीग म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. तिची फायनल पायोरची टीम २०१६, २०१८ आणि २०२० साली हरली, तिन्ही वेळा समोर फ्रान्सचा लिओं क्लब. मग २०२३, आइंडहोवन, समोर बार्सिलोना. तोवर मी पुण्याला परतले होते. मॅच लॅपटॉपवर पाहिली. तिसऱ्याच मिनिटाला ल्युसी ब्रॉन्झच्या पायात बॉल होता. ब्रॉन्झ म्हणजे जगातल्या उत्तम बॅकपैकी एक. पायोरने तिच्यावर झडप घातली, बॉल काढला आणि बॉक्सच्या बाहेरूनच असा हाणला की गोलकीपरचे हात लागूनही आत गेला. वाया जाणाऱ्या शंभर धावांतली ही एक. मग तिच्याच क्रॉसवर पोपने हेडर मारला. २-० ! मी घरात ओरडले, आई दचकली. हाफटाइमनंतर बार्सिलोनाच्या पत्रीने दोन मिनिटांत दोन मारले आणि सत्तराव्या मिनिटाला तिसरा मारला रोल्फोने, जी आधी वोल्फ्सबुर्गचीच होती. २-३. त्या वर्षी स्पर्धेत सर्वाधिक गोल पायोरचे, ९. कप मात्र दुसऱ्यांच्या हातात.

पुढच्या वर्षी ती त्याच बार्सिलोनाला गेली. पहिल्याच हंगामात २५ गोल, स्पेनची लीग, स्पेनचा कप. आणि मे २०२५ ला लिस्बनमध्ये पुन्हा चॅम्पियन्स लीगची फायनल. इंग्लंडच्या आर्सेनलकडून ०-१. पाचवी हार. तुझी एकच झालीये, ती पण जिल्ह्याची.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पॅरिसला तिला गेर्ड म्युलर ट्रॉफी मिळाली, गोल करणाऱ्यांना देतात ती. पण तिचा कुठला गोल मला सगळ्यात आवडतो असं विचारलंस तर मी व्हिएन्नाचा सांगेन. ३ डिसेंबर २०२४, तिचा अठ्ठाविसावा वाढदिवस. ऑस्ट्रियाविरुद्ध प्ले-ऑफचा दुसरा सामना, तिच्या गोलने १-० आणि पोलंडच्या बायका पहिल्यांदा युरोला, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेला. तिथे, स्वित्झर्लंडमध्ये, जर्मनीने ०-२, स्वीडनने ०-३ असं झोडपलं. तिसऱ्या सामन्यात डेन्मार्कला ३-२ ने हरवून परतल्या. त्यातला एक तिचा.

बॅकला खेळायचं तर खेळ, पण एक लक्षात घे : बॅकची चूक झाली की लोकांना गोल दिसतो, फॉरवर्डची झाली की फक्त बॉल बाहेर गेलेला दिसतो. तिथे तुला जास्त शांत झोप लागेल असं मला तरी वाटत नाही.

रविवारी साडेसहाला ग्राउंडवर ये. धाकट्या भावालाही आण, त्याला वही-पेन दे. अर्धा तास मॅच खेळवणार आहे. त्याने फक्त तुझ्या धावांच्या रेघा मारायच्या. बॉल आला का, गोल झाला का, काही लिहायचं नाही.

आणि हो, तुझ्या डाव्या बुटाच्या टाचेचा एक स्टड पार झिजलाय. फायनलला शॉट मारताना तो पाय सरकला होता. शनिवारी बदलून घे.

तुझी ताई