वाचकांचे प्रश्न : शाळेच्या ऑर्केस्ट्रातले पहिले व्हायोलिन

प्रश्न : मुलाला शाळेच्या ऑर्केस्ट्रासाठी नवे व्हायोलिन घेतले. गज तारांवरून नुसता घसरतो, आवाजच निघत नाही. वाद्य खराब निघाले का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. नव्या गजाच्या केसांना राळ (रोझिन) लागलेली नसते आणि राळेशिवाय केस तारेला धरत नाहीत. राळेची नवी वडीही गुळगुळीत असते. तिच्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवून पांढरी पूड निघू द्या. गजाचा स्क्रू फिरवून काडी आणि केस यांच्यात मधोमध पेन्सिल जाईल इतके अंतर ठेवा. पहिल्यांदा गजाच्या मुठीपासून टोकापर्यंत राळेचे २०-२५ सावकाश हात द्या, पुढे रोज तीन-चार पुरतात. केसांना बोट लावू नका. तेलकट जागा राळ धरत नाही. वाजवून झाल्यावर स्क्रू सैल करायला मुलाला पहिल्या दिवसापासून शिकवा, नाहीतर गजाच्या काडीचा बाक जातो.

मापही तपासा. व्हायोलिन खांद्यावर धरून डावा हात सरळ केला की वाद्याचे डोके तळहाताच्या मध्याशी यायला हवे. गणवेश वाढत्या अंगाचा चालतो, व्हायोलिन नाही.

प्रश्न : पावसाळ्यात खुंट्या वळत नव्हत्या, आता आपोआप सुटतात. काय करावे?
— एक संगीतशिक्षिका, सातारा

उत्तर : लाकूड दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आक्रसते, आणि निमुळती खुंटी फक्त घर्षणावर टिकते. तार उतरवून पुन्हा अशी गुंडाळा की शेवटचा वेढा खुंटीच्या डोक्याकडच्या भिंतीलगत येईल. खुंटी फिरवताना आत दाबत राहा. तरीही सुटली तर खुंट्यांसाठी मिळणारी पेस्ट लावा; तेल किंवा गोंद कधीही नको.

एका वेळी एकच तार काढा. घोडी (तारा उचलून धरणारा लाकडी तुकडा) आणि आतला साउंड पोस्ट (वाद्याच्या पोटातली छोटी उभी काडी) तारांच्या ताणावरच उभे असतात. सूर लावताना घोडी बोटे ठेवायच्या पट्टीकडे झुकते, म्हणून तिची टेलपीसकडची (तारांची खालची टोके अडकवलेल्या भागाकडची) बाजू वाद्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात आहे ना, ते दर वेळी बघा. ट्यूनर अॅपवर तारेच्या अक्षरासोबत सप्तकाचा अंकही पाहा : जी३, डी४, ए४, ई५. नुसते अक्षर पाहून एक सप्तक वर चढवली की तार तुटते.

प्रश्न : मी सातवीत आहे. मला पेटीवर सरगम येते. व्हायोलिनवर बोटे कुठे ठेवू?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुझी सरगम इथे थेट कामाला येईल. डी तारेला सा मान. मोकळी तार सा, मग तीन बोटांनी रे, ग, म. पुढची मोकळी ए तार म्हणजे प, आणि तिच्यावर त्याच बोटांनी ध, नी, वरचा सा. स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत) सुरुवातीला दोन शार्प (स्वर अर्ध्याने चढवायच्या खुणा) असलेला डी मेजर तो हाच.

चुकते ते बहुतेक दुसरे बोट. नवशिके तिन्ही बोटे सारख्या अंतरावर ठेवतात, त्यामुळे ग कोमलाकडे उतरतो. ग आणि म यांच्यात अर्धाच स्वर आहे, म्हणून दुसरे बोट तिसऱ्याला चिकटून पडू दे. खुणेच्या चिकटपट्ट्या लावायच्या तर नटपासून (खुंट्यांकडची, तारा टेकतात ती आडवी कड) घोडीपर्यंत तारेची लांबी मोज : रे नटपासून १/९ वर, ग १/५ वर, म १/४ वर. पूर्ण मापाच्या व्हायोलिनवर लांबी ३२८ मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे सुमारे ३६, ६६ आणि ८२ मिलिमीटर.

डी तारेवर म बरोबर लागला की शेजारची मोकळी जी तार स्वतःहून थरथरते. थरथरली नाही तर बोट किंचित पुढे-मागे सरकवून बघ.