बॅकअप होतो, पण परत उघडतो का?

प्रश्न : आमचे हिशेब, ऑर्डरी आणि मालाच्या नोंदी एकाच सर्व्हरवर आहेत. रोज रात्री २ वाजता बॅकअप होतो, फोल्डर क्लाउडवर सिंकही होतात. सर्व्हर बंद पडला तर काम किती वेळात सुरू होईल, असं साहेब विचारतात. काय सांगू?

उत्तर : एकदा रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून सगळं परत उभं करून पाहिल्याशिवाय काहीच सांगू नका. बॅकअप फसल्याचा ईमेल आला नाही, म्हणजे बॅकअप ठीक असंही समजू नका. जानेवारी २०१७मध्ये गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा लक्षात आलं, की सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्याने बॅकअप फसत होते आणि ते कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे ६ तासांचा डेटा गेला.

सिंकला तर बॅकअपमध्ये धरूच नका. इथली फाइल पुसली की तिथलीही जाते. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने, बिघडवलेली फाइलही इमानेइतबारे वर चढते. शिवाय चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी केली, तर ती ऐनवेळी उघडेलच असं नाही. डेटाबेसची स्वतःची बॅकअपची सोय वापरा.

चाचणी नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवरच घ्या. रिस्टोअर झालेला सर्व्हर स्वतःला खराच समजतो आणि नेमून दिलेली कामं सुरू करतो. मग ग्राहकांना थकबाकीचे ईमेल पुन्हा जातात आणि फोन तुम्हाला येतात. सुरुवातीची वेळ लिहून ठेवा. शेवटचा बिल क्रमांक ताडून पाहा, दोन-चार जोडलेल्या फाइली उघडा. बॅकअपचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवलेला असेल, तर ती चूक इथेच लक्षात येईल. क्लाउडवरून १ टीबी उतरवायला १०० एमबीपीएसच्या लाइनवर, पूर्ण वेग मिळाला तरी, २२ तास लागतात. म्हणून एक प्रत ऑफिसातही हवी. मात्र कायम जोडलेल्या ड्राइव्हवर नको, आणि तिचा लॉगिन रोजच्या अ‍ॅडमिनपेक्षा वेगळा हवा.

मग साहेबांना दोन आकडे द्या : काम सुरू व्हायला लागणारा वेळ आणि बुडणाऱ्या नोंदी. संध्याकाळी ५ वाजता सर्व्हर गेला, तर आज तुमच्या १५ तासांच्या नोंदी जातील. हे परवडणारं नसेल, तर दर १५ मिनिटांनी ट्रान्झॅक्शन लॉगचा, म्हणजे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाच्या नोंदवहीचा, बॅकअप लावा. मधला एक लॉग हरवला तर पुढचे लावता येत नाहीत, त्यामुळे चाचणीत तेही ओळीने लावून पाहा.