चित्रं हातात आहेत, पुस्तक होत नाही

प्रश्न : समजायला लागल्यापासून मी चित्रं काढते. वह्यांचे समास, पाकिटांच्या पाठी, काही म्हणून सुटलं नाही. आता लहान मुलांसाठी चित्रपुस्तक करायचं मनात आहे. एका हट्टी कोकराची गोष्टही सुचली आहे. पण चार-पाच चित्रं झाली की गाडी अडते. नुसती आवड पुरत नाही का?

उत्तर : इतकी वर्षं टिकलेली आवड ही मोठी शिदोरी आहे, तिच्यावर शंका घेऊ नका. अडतंय ते वेगळ्याच ठिकाणी. आपण चित्रं काढणारी माणसं एकेका चित्रात जीव ओततो. पुस्तकात मात्र चित्र एकटं नसतं. त्याच्या आधी पान असतं, नंतर पान असतं आणि मधे पान उलटायला टपलेला एक छोटा हात असतो. मी पुस्तकं करते ती त्या हातासाठी.

म्हणून रंग तूर्त बाजूला ठेवा आणि डमी, म्हणजे पुस्तकाची कच्ची नमुना-वही, करा. आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, दोन टाके घाला. ३२ पानांची वही तयार. बहुतेक चित्रपुस्तकं ३२ पानांचीच असतात, कारण मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की १६ पानांचा एक फॉर्म होतो. असे दोन फॉर्म. शीर्षकपान, श्रेयपान वगळून गोष्टीला साधारण बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन-दोन पानं) उरतात. कोकराची गोष्ट तेवढ्यात बसवा. पेन्सिलीच्या चार रेघा पुरे, काड्यांची माणसंही चालतील.

मग ती वही उलटत मोठ्यानं वाचा. कोकरू दार ढकलतंय हे उजव्या पानावर असू द्या आणि दारामागे काय आहे ते पान उलटल्यावरच दिसू द्या. दोन्ही समोरासमोर आलं तर मुलाला उलटायला उरलंच काय? जोडपानाच्या मधोमध कुणाचा चेहरा नको, बांधणीत तो गिळला जातो. आणि ‘कोकरू रुसून कोपऱ्यात बसलं’ असं लिहून चित्रातही तेवढंच काढलं असेल, तर ते वाक्य खोडा. रुसवा चित्रात आहेच.

आता खुद्द कोकरू. ते एकदा सुंदर जमलं म्हणून भागत नाही. पाठमोरं, वरून पाहिलेलं, झोपलेलं, धावताना कान मागे पडलेलं, असं एकाच मोठ्या कागदावर काढत राहा; प्रत्येक वेळी ‘हेच ते’ असं वाटेपर्यंत. कान डोक्याच्या मानानं केवढे, काळा ठिपका कुठल्या कानावर, हे पक्कं ठरवून तो कागद समोर टांगा. ठिपका एका पानावर डावीकडे आणि दुसऱ्यावर उजवीकडे गेला, तर मूल नेमकं तिथेच बोट ठेवतं. ज्याला अजून अक्षरं येत नाहीत ते चित्रच वाचत असतं, आणि किती लक्ष देऊन वाचतं! मला मुलांचा हा कडकपणा अतिशय प्रिय आहे.

प्रश्न : प्रकाशकाकडे जाताना सगळी चित्रं रंगवून न्यावीत का?

उत्तर : नको. पूर्ण डमी आणि पक्की रंगवलेली दोन-तीन चित्रं न्या. आकार, पानं, मजकूर, सगळं बदलू शकतं. इंग्रज लेखिका-चित्रकार बीट्रिक्स पॉटर यांची पीटर या सशाची गोष्ट आधी १८९३ मध्ये एका आजारी मुलाला लिहिलेलं सचित्र पत्र होती. प्रकाशकांनी नाकारल्यावर १९०१ मध्ये त्यांनी स्वतःच २५० प्रती छापून घेतल्या, आतली चित्रं काळ्या रेषांची. पुढे जो प्रकाशक तयार झाला, त्याला रंगीत चित्रं हवी होती. त्यांनी ती नव्यानं केली आणि १९०२ मध्ये पुस्तक आलं.

प्रश्न : मी टॅबलेटवर काढतो. छापताना काही अडचण?

उत्तर : रंगांची. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा चार शाईंचा. झगझगीत हिरवा आणि गडद निळा छपाईत हमखास मंदावतात. पहिल्याच चित्राचा छापील नमुना काढून घ्या आणि तो शेजारी ठेवून पुढचे रंग निवडा.