मामांची ट्रंक रद्दीत घालू नका

प्रश्न: माझे सासरे, आम्ही त्यांना मामाच म्हणायचो, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात तीसेक वर्षं एका मराठी पेपरचे वार्ताहर होते. मागच्या वर्षी गेले. आता घर पाडून नवीन बांधायचंय आणि माळ्यावर त्यांच्या दोन ट्रंका निघाल्या, कात्रणं, वह्या, मोडीतली पत्रं, हलशीच्या देवळाचे फोटो, बरेच कानडी कागद पण. आमचे हे म्हणतात बातम्या सगळ्या पेपरात छापून आल्यात, रद्दीवाल्याला घाल. मला मन होत नाही. कात्रणं विषयवार लावून लॅमिनेशन करून घेऊ का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर: ताई, तुमच्या ह्यांना सांगा की छापून आलेली बातमी पेपरच्या ऑफिसात, नाहीतर एखाद्या जुन्या वाचनालयाच्या फायलीत सापडेल हो, पण जी छापून आली नाही ती फक्त तुमच्या ट्रंकेतच आहे. गावचा वार्ताहर म्हणजे काय, दिवसभर फिरायचं, वहीत दोन पानं खरडायची, त्यातल्या दहा ओळी काढून पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे द्यायचं आणि ऑफिसात त्यातल्या पण चार कापायच्या! उरलेलं सगळं वहीत राहतं, कोण काय बोललं, कुठल्या म्हाताऱ्यानं कुठली गोष्ट सांगितली ते. त्यामुळे आधी वह्या, मग कात्रणं.

आणि विषयवार अजिबात लावू नका. मामांनी हलशीचा फोटो, एक कानडी कागद आणि कुणाचं तरी पत्र एकाच पाकिटात ठेवलं असेल तर त्याला कारण असणार, तुम्ही तीन गठ्ठ्यात वाटलं की ते कारण गेलं. पाकिटाला नंबर द्या, आतल्या प्रत्येक कागदावर मागं कोपऱ्यात पेन्सिलीनं तोच नंबर, बस. पेन नको.

कानडी कागद तर मुळीच बाजूला काढू नका. आपल्याकडं मराठी-कानडी म्हटलं की लगेच डोकं गरम होतं, पण हलशी म्हणजे जुन्या कदंब राजांची पलाशिका, तिथं सापडलेले त्यांचे ताम्रपट संस्कृतात, बेळगाव किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे तिथल्या जैन देवळाचा, 1204 च्या सुमाराचा लेख जुन्या कानडीत, आणि पेशवाईतले कागद मोडीत. इथला इतिहास शोधायला निघालेला माणूस एका भाषेत राहूच शकत नाही, तुमचे मामा राहिले नाहीत यावरूनच कळतं की नाद खरा होता.

लॅमिनेशन नको म्हणजे नकोच. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात मुळातच आम्ल तयार होतं, म्हणून तो पिवळा पडून पापडासारखा मोडतो, प्लास्टिकमध्ये बंद केलं तरी आतल्या आत मोडतच राहतो आणि नंतर सोडवता पण येत नाही. सेलोटेप पण नको, त्याचा डिंक काही वर्षांनी तपकिरी डाग होऊन अक्षरात उतरतो. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, हळू उचलून काढा. कात्रणाच्या कडा कापू नका, तारीख बहुतेक तिथंच लिहिलेली असते. हे सगळं दिवाळीनंतर करा, खानापूरच्या पावसात ट्रंक उघडी ठेवली तर बुरशी ठरलेली. खिडकीच्या उजेडात मोबाइलनं फोटो काढा, फ्लॅश बंद, उन्हात नाही.

मोडी वाचायला पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 1910 साली काढलेलं, आणि तुम्हाला जवळचं म्हणजे कोल्हापूरचं पुराभिलेखागार, जुने सरकारी कागद ठेवतात ते. आधी फोटो घेऊन जा, मूळ कागद नाही. कुठल्याही संस्थेला मूळ द्यायचंच झालं तर यादी करून सहीशिक्का घेतल्याशिवाय देऊ नका. मी स्वतः आमच्या गुरुजींच्या डायऱ्या एका ठिकाणी भक्तिभावानं नेऊन दिल्या होत्या, चार वर्षांनी गेलो तर जिन्याखाली वाळवीनं निम्म्या खाल्लेल्या, आणि दिल्याची साधी पावती पण माझ्याकडं नाही. कुणाशी भांडणार?

प्रश्न: वडिलांच्या फायलीत बेळगावच्या सीमालढ्यातल्या गोळीबाराचं कात्रण आहे, त्यावर त्यांनी 18 जानेवारी 1956 लिहिलंय. हुतात्मा दिन तर आपण 17 ला पाळतो. चूक खोडून दुरुस्त करू का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: खोडू नका, चूक नाहीच ती! कात्रणात 'काल' असा शब्द आहे का बघा. सकाळच्या पेपरात आदल्या दिवसाची घटना येते, त्यांनी पेपरची तारीख लिहिली. पण कात्रणावर तारीखच नसती तर तो 'काल' कुठला हे कुणाला कळलं असतं? खाली पेन्सिलीनं 'घटना 17 ची' एवढं लिहा, त्यांचं अक्षर आहे तसं राहू दे.