लॉगिन एका पेढीचं, नाव दुसरीचं: आधी कॅश बंद करा

तुमची अडचण मला समजली ती अशी. सांगली मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत्यांसाठी अ‍ॅप केलंय. सौद्याच्या गर्दीत एका पेढीच्या दिवाणजींनी लॉगिन केलं की वर भलत्याच पेढीचं नाव येतं, रिफ्रेश केलं की कधी नीट होतं. तुमच्या लॅपटॉपवर मात्र हे कधीच घडत नाही.

बाकी काही शोधण्याआधी एन्जिनएक्समधली (अ‍ॅपच्या पुढे बसून मागण्या आत पोचवणारा सर्व्हर) प्रॉक्सी कॅश, म्हणजे तयार पानांचा तात्पुरता साठा, बंद करा आणि साठलेली पानं पुसून टाका. प्रश्न फक्त नावाचा नाही. त्याच पानावर दुसऱ्याच्या पट्ट्या, उचल, येणंदेणं दिसत असणार, आणि यार्डात ते शेजारच्या पेढीला दिसणं किती महागात पडतं हे तुम्ही जाणता. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर असंच झालं होतं. कॅशची सेटिंग चुकली आणि लोकांना दुसऱ्यांच्या खात्यांची पानं दिसू लागली.

ब्राउझर साफ करून उपयोग नाही. लोकल स्टोरेजमध्ये (ब्राउझरच्या स्वतःच्या साठ्यात) नाव राहिलं असतं, तर ते त्याच कॉम्प्युटरवर आधी बसलेल्या माणसाचं दिसलं असतं. तुमच्याकडे दिसणारी पेढी यार्डाच्या दुसऱ्या टोकाला आहे, म्हणजे दोष सर्व्हरच्या बाजूचा.

माझा पहिला संशय कॅशवरच आहे. एन्जिनएक्स पान साठवताना ओळख म्हणून पत्ता धरतो, कुकी (कोण लॉगिन आहे ते सांगणारी ब्राउझरमधली खूण) धरत नाही. त्यामुळे 'डॅशबोर्ड' हा पत्ता सगळ्यांना एकच. सेट-कुकी (नवी कुकी देणारी सूचना) असलेला रिस्पॉन्स, म्हणजे सर्व्हरचं उत्तर, तो मुळात साठवत नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त राहतात. पण ती कुकी लॉगिनच्या वेळी जाते, पुढच्या पानांबरोबर बहुतेकदा नाहीच. अ‍ॅपने कॅश-कंट्रोल (पान साठवायचं की नाही ते सांगणारी सूचना) पाठवलं नसेल आणि तुम्ही '२०० (यशस्वी उत्तराचा कोड) आलं की दहा मिनिटं ठेव' असं लिहिलं असेल, तर पहिल्या दिवाणजींचं पान पुढच्या सगळ्यांना जातं. चाचणीच्या सर्व्हरवर कॅशची स्थिती हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणाऱ्या माहितीत) दाखवा आणि दोन वेगळ्या ब्राउझरांत दोन खाती उघडा. चुकीच्या नावासोबत 'हिट' (पान साठ्यातून आलं) दिसलं की चोर सापडला.

कॅश बंद करूनही तक्रार आली, तर कोडमध्ये बघा. नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) कधी कधी 'करंट युजर' फाइलच्या वरच्या पातळीवर, म्हणजे सगळ्या रिक्वेस्टना सामाईक, ठेवलेला असतो, आणि डेटाबेसचं उत्तर येईपर्यंत दुसरी रिक्वेस्ट तो बदलून टाकते. एकटे वापरता तेव्हा हे दिसत नाही. युजर प्रत्येक रिक्वेस्टसोबतच न्या.

कायमचा उपाय म्हणून लॉगिननंतरच्या प्रत्येक पानाला आणि एपीआयला (अ‍ॅपला डेटा देणाऱ्या पत्त्यांना) कॅश-कंट्रोलमध्ये 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' लावा. चित्रं, सीएसएस (पानाच्या रूपाची फाइल), आजचे दर खुशाल कॅश करा. सेट-कुकीकडे दुर्लक्ष करायची ओळ कुठे लिहिली असेल, तर दुसऱ्याचं सेशनच (चालू लॉगिन) हातात गेलेलं असू शकतं. मग सगळी सेशन्स रद्द करा, त्या काळात झालेल्या नोंदी कोणाच्या खात्यात पडल्या ते तपासा, आणि ज्या पेढ्यांची माहिती बाहेर दिसली त्यांना तुम्ही स्वतः फोन करा.