मेमरी गेम्सनी फायदा होतो का?

प्रश्न: बाबांना अल्झायमरची सुरुवात आहे, मोबाईलवर मेमरी गेम्स खेळायला लावू का?

उत्तर: आवडत असतील तर खेळू द्या, पण बहुतेकदा त्या गेममध्येच हात बसतो. कॉग्निटिव्ह रिहॅबिलिटेशन वेगळं असतं, त्यात थेरपिस्ट आधी बाबांनाच विचारतो की तुम्हाला नेमकं काय जमायला हवंय, गोळ्या स्वतः घेणं, फोन लावणं, नातवंडांची नावं, आणि मग फक्त त्यावरच काम. अंदाज करायला लावायचं नाही हो, चुकलेलंच डोक्यात बसतं, म्हणून उत्तर आधी सांगायचं, मग थोडा थोडा वेळ वाढवत परत विचारायचं. इंग्लंड-वेल्समधल्या ४७५ जणांच्या ट्रायलमध्ये (२०१९) ठरवलेली कामं सुधारली, एकूण स्मरणशक्ती मात्र नाही. तरी मला हे फार मोलाचं वाटतं. आणि प्लीज, चारचौघात “ओळखा बघू कोण” करू नका.