गोळ्या घेणे म्हणजे अविश्वास का?

प्रश्न : माझ्या यजमानांना क्षय झाला आहे. गोळ्या सुरू झाल्यावर दोन महिन्यांत ताप गेला, खोकला थांबला, जेवण वाढले. आमच्या प्रार्थनासभेतील एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात, ‘प्रभूने बरे केले आहे, आता गोळ्या घेणे म्हणजे त्याच्या कामावर शंका घेणे.’ यजमानांनी गोळ्या बंद केल्या आहेत. मी त्यांना अडवले, तर माझा विश्वास कमी ठरेल का?
(एक भगिनी, म्हापसा)

उत्तर : ताई, हे वाचताच यजमानांना घेऊन उपचार केंद्रावर जा आणि किती दिवसांच्या गोळ्या चुकल्या, ते तिथे खरे सांगा. क्षयाचा नेहमीचा उपचार 6 महिन्यांचा असतो. सुरुवातीच्या आठवड्यांत बहुतेक जंतू मरतात म्हणून ताप-खोकला ओसरतो. पण चिवट जंतू उरतात, आणि औषध मध्येच तोडले की तेच पुन्हा वाढतात, कधी कधी त्या औषधांना दाद न देणारे होऊन. मग धोका घरातल्या लेकरांनाही असतो.

आता विश्वासाविषयी. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक कुष्ठरोगी प्रभूपुढे गुडघे टेकतो, प्रभू हात पुढे करून त्याला स्पर्श करतो आणि तो शुद्ध होतो. त्यानंतर प्रभू त्याला काय सांगतो, हे आपल्या सभांतून फारसे ऐकू येत नाही : जाऊन स्वतःला याजकाला, म्हणजे पुरोहिताला, दाखव. असा रोग तपासण्याचे काम तेव्हा याजकाकडे होते. बायबलच्या जुन्या करारातील लेवीय या पुस्तकाचे 13 आणि 14 हे अध्याय सावकाश वाचा. याजक डाग निरखतो, त्यावरचे केस पांढरे झाले का ते पाहतो, संशय असेल तर रोग्याला 7 दिवस वेगळे ठेवून पुन्हा तपासतो. आणि बरा झालेलाही इस्राएली लोकांच्या छावणीत परतल्यावर 7 दिवस आपल्या तंबूबाहेरच राहतो. प्रत्यक्ष प्रभूच्या हाताने जो बरा झाला, त्यालासुद्धा तपासणीला धाडले गेले. मग यजमानांनी थुंकी तपासून घेतली, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गोळ्या घेतल्या, तर त्यात शंका कसली?

मी आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना करतो, आणि तो बरा व्हावा म्हणूनच करतो. मंडळीच्या वडिलांनी (चर्चच्या ज्येष्ठ पुढाऱ्यांनी) आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करावी, हे बायबलमधील याकोबाच्या पत्रातले सांगणे मी मनापासून मानतो. परंतु तिथे विश्वासाने प्रार्थना करण्याची जबाबदारी बोलावलेल्या वडिलांवर आहे. आजाऱ्याच्या विश्वासाचे माप काढायला कुणालाही सांगितलेले नाही. प्रेषित पौलाने आपल्या देहातल्या काट्यासाठी, म्हणजे सतत सलणाऱ्या त्रासासाठी, प्रभूला तीनदा विनवणी केली आणि तो काटा निघाला नाही. त्याचा विश्वास तोकडा होता, असे म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

माझ्या ओळखीचे फोंड्याचे एक आजोबा रोज सकाळी गोळ्यांचे पाकीट मिटलेल्या बायबलवर ठेवत, आभार मानत आणि मग पाण्याचा घोट घेत. तुम्ही दोघांनीही तसेच करून पाहावे. त्या वडीलधाऱ्या गृहस्थांशी वाद घालू नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत न्या.

प्रश्न : आमच्या सासूबाई कॅथलिक आहेत आणि हृदयविकाराने अंथरुणाला खिळल्या आहेत. अभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करण्याच्या संस्कारासाठी, फादरांना बोलावू म्हटले की, ‘माझे दिवस भरले का?’ म्हणून रडतात.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : पूर्वी या संस्काराला अंतिम अभ्यंग म्हणत आणि तो बहुधा मरणाच्या दारातच दिला जाई, त्यामुळे जुन्या माणसांची ही भीती स्वाभाविक आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1963 मध्ये स्पष्ट केले की, तो केवळ मरणासन्नांसाठी नाही. आजारपणाने किंवा वार्धक्याने जिवाला धोका वाटू लागला, तेव्हाच त्याची योग्य वेळ झालेली असते. कपाळाला आणि हातांना तेल लावून बळ मागितले जाते, आणि आजार बळावला तर तो पुन्हाही घेता येतो. फादरांना आधी एकदा नुसते भेटायला बोलवा आणि हे सारे त्यांनाच सासूबाईंना सांगू द्या.